तुमच्या घरातलं जुनं मशीन लिनक्सच्या कामाचं आहे: आरसी कर्नल (लिनक्सच्या गाभ्याची, पक्की होण्याआधीची आवृत्ती) चालवून बघणाऱ्यांसाठी धागा

गोदाकाठ · सोमवार, रात्री ९.४०

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझ्या लॅपटॉपने एक नवीनच खोड काढली. झाकण लावलं की झोपायचा, उघडलं की उठायचा नाही. पंखा फिरत असायचा, कॅप्स लॉक दाबलं की त्याचा दिवा लागायचा आणि विझायचा, पण पडदा काळा तो काळाच. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि बंद करायचं. मशीन नऊ वर्षांचं. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, आता नवीन घे. मला मात्र तो कॅप्स लॉकचा दिवा स्वस्थ बसू देईना. दिवा लागतोय म्हणजे कर्नल जागं आहे, झोपलाय तो फक्त पडदा. बूट मेन्यूतून आधीचं कर्नल निवडून बघितलं तर सगळं सुरळीत. म्हणजे मशीन धडधाकट होतं, चूक नव्या कर्नलमध्ये आली होती.

मग गिट बायसेक्टला बसलो. गिट म्हणजे कर्नलच्या कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक चांगली आवृत्ती आणि एक बिघडलेली आवृत्ती गिटला सांगायची. दोघींच्या मध्ये जेवढे बदल झाले असतील त्यांच्या बरोब्बर मधला बदल गिट काढून देतं. तेवढ्यापर्यंतचं कर्नल बांधायचं, बूट करायचं, झाकण लावून उघडायचं, आणि ‘गुड’ किंवा ‘बॅड’ एवढंच सांगायचं. प्रत्येक फेरीत उरलेले बदल निम्मे होतात. कर्नलच्या लागोपाठच्या दोन आवृत्त्यांमध्ये तेरा-चौदा हजार बदल असतात, पण निम्म्याचे निम्मे करत गेलं की चौदा फेऱ्यांत एका बदलावर बोट ठेवता येतं. मला चार रात्री लागल्या. वहीत प्रत्येक फेरीपुढे बरोबर किंवा फुली मारत होतो. चौदाव्या फेरीला पडद्यावर एका बदलाचा क्रमांक आला, खाली लिहिणाऱ्याचं नाव. डिस्प्ले ड्रायव्हरमधल्या सहा ओळी होत्या.

त्या माणसाला मी मेल टाकला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्याच्याकडे माझं मॉडेल नव्हतं, कुठून मिळणारही नव्हतं. त्याने एक छोटा पॅच, म्हणजे दुरुस्तीच्या ओळी, पाठवला आणि विचारलं, हा लावून बघाल का? लावला, झाकण लावलं, उघडलं, पडदा उजळला. तो पॅच मुख्य कर्नलमध्ये गेला तेव्हा त्याच्या खाली ‘रिपोर्टेड-बाय’ आणि ‘टेस्टेड-बाय’ अशा दोन ओळी होत्या आणि दोन्हींपुढे माझं नाव होतं. मी पेशाने अकाउंटंट आहे. सी भाषेत मला दोन ओळी धड लिहिता येत नाहीत.

ही आनंदाची गोष्ट झाली. पण ज्यासाठी धागा काढलाय ती गोष्ट पुढची. तारखा तपासल्या तेव्हा कळलं की ती चूक त्या आवृत्तीच्या आरसी१ मध्येच आत आली होती. म्हणजे पक्की आवृत्ती निघायच्या आधी जवळपास दोन महिने ती सगळ्यांसमोर उघडी पडलेली होती. त्या काळात सात आरसी निघाल्या. माझ्यासारखं मशीन असलेल्या एकाही माणसाने त्यातली एक बूट करून झाकण लावून बघितलं असतं, तर ती चूक कोणाच्याही घरात पोचली नसती. तो माणूस मीच असायला हवा होतो.

थोडं वेळापत्रक सांगतो, कारण ते कळलं की आपण नेमके कुठे बसतो ते कळतं. एक आवृत्ती निघाली की दोन आठवडे ‘मर्ज विंडो’ उघडते. कर्नलचा एकेक भाग सांभाळणारे जगभरचे मेन्टेनर आपापलं नवं काम त्या दोन आठवड्यांत लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्याकडे पाठवतात. मग आरसी१ निघते, आणि तिथून पुढे नवीन काही घ्यायचं नाही, फक्त दुरुस्त्या. दर रविवारी एक आरसी, सातव्या किंवा आठव्यानंतर पक्की आवृत्ती. सगळं मिळून नऊ-दहा आठवडे. रविवार तिकडचा, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. आपल्याकडे सोमवार उजाडतो तेव्हा बहुतेक वेळा नवी आरसी आलेली असते.

आणि हिशेब बघा. पक्क्या आवृत्तीत दोष सापडला तर चौदा फेऱ्या. पण आरसी३ चालत होती आणि आरसी४ बिघडली एवढं तुम्हाला माहीत असेल, तर मध्ये जेमतेम काहीशे बदल असतात. आठ-नऊ फेऱ्या, एका शनिवारचं काम. दर सोमवारी बूट करून बघणाऱ्याला दोष शोधायला सर्वांत कमी कष्ट पडतात.

गेले आठ महिने मी दर सोमवारी रात्री हेच करतो. आरसी बांधतो, बूट करतो, माझी ठरलेली यादी तपासतो: झोप आणि जाग, वायफाय, ब्लूटूथचा हेडफोन, एचडीएमआयवर टीव्ही, पेनड्राइव्ह, कॅमेरा, बॅटरीची टक्केवारी. नंतर डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत, लाल ओळी आहेत का ते पाहतो. यात चाळीस मिनिटं जातात. इथे आणखी कोणी करतं का? करायची इच्छा आहे पण अडलंय असं कोणी आहे का? कोणाकडे कुठली मशीन आहेत तेही लिहा.

---

जाईजुई · सोमवार, रात्री १०.१५

फार आवडलं. कॅप्स लॉकची युक्ती लक्षात ठेवते. पण मला भीती वाटते ती डेटाची. माझ्या लॅपटॉपवर मुलीचे जन्मापासूनचे फोटो आहेत. कच्चं कर्नल चालवलं आणि डिस्कच साफ झाली तर?

---

सर्किटवाला · सोमवार, रात्री ११.०२

जाईजुई, भीती रास्त आहे. कोणी ‘काही होत नाही हो’ म्हणालं तर ऐकू नका.

२०२१ मधली गोष्ट. फेब्रुवारीच्या शेवटी ५.१२-आरसी१ निघाली. तिच्यात कोड नीटनेटका करणारा एक अगदी निरुपद्रवी दिसणारा बदल होता. त्यामुळे स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) डिस्कवर कुठून सुरू होते तो आकडाच हरवला. ज्यांचं स्वॅप वेगळ्या पार्टिशनवर होतं त्यांना काहीच झालं नाही, कारण तिथे सुरुवात शून्यापासूनच असते. पण ज्यांचं स्वॅप फाइलमध्ये होतं, त्यांचं कर्नल स्वॅपचा मजकूर थेट फाइल सिस्टिमच्या डोक्यावर लिहीत सुटलं. दुरुस्त होण्यापलीकडचं नुकसान. टोरवाल्ड्सनी जाहीर इशारा दिला, त्या टॅगचं नाव बदलून त्याला ‘डोन्टयूज’ अशी शेपटी जोडली आणि आरसी२ रविवारपर्यंत न थांबता शुक्रवारीच काढली.

त्याआधी २००८ मध्ये २.६.२७ च्या आरसी काळात याहून वाईट झालं होतं. इंटेलच्या काही नेटवर्क कार्डांवरची कायमची मेमरी खराब व्हायला लागली. डेटा जाणं वेगळं आणि कार्ड कामातून जाणं वेगळं. सगळ्यांनी आधी नेटवर्क ड्रायव्हरवर संशय घेतला, आणि शेवटी मूळ सापडलं ते एफट्रेस नावाच्या, आत काय चाललंय ते टिपणाऱ्या, कर्नलमधल्याच दुसऱ्या यंत्रणेत.

असे प्रसंग विरळ आहेत. पण झालेत, म्हणून माझे नियम ठरलेले आहेत. ज्या मशीनवर एकमेव प्रत आहे त्यावर आरसी नाही. फोटो आधी बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क काढून कपाटात. जोडलेली राहिली तर तो बॅकअप नाही. आरसी१ मी पहिले तीन दिवस बांधत नाही, मेलिंग लिस्टवर आरडाओरडा होतोय का ते बघतो. आणि चालणारं जुनं कर्नल ग्रबमधून, म्हणजे बूट मेन्यूतून, कधीही काढत नाही.

तुमच्याकडे माळ्यावर टाकलेलं एखादं जुनं मशीन असेल तर ते वापरा. फोटोंचा लॅपटॉप सोडून द्या.

---

पांढरीमाती · मंगळवार, सकाळी ८.३०

मी स्पष्टच बोलतो. कर्नलवर काम करणारे बहुतेक लोक मोठ्या कंपन्यांचे पगारी आहेत. त्या कंपन्या लिनक्सवर अब्जावधी कमावतात. तपासणीही त्यांनीच करावी. आपण आपली वीज, आपला वेळ, आपलं मशीन घालून त्यांची फुकट चाकरी का करायची? शिवाय आता सगळं आपोआप तपासणारे बॉट आहेत ना?

---

दूरदेशी · मंगळवार, दुपारी १.५०

पांढरीमाती, मी इथे जर्मनीत एम्बेडेड क्षेत्रात चाचणीचंच काम करते, त्यामुळे बॉटबद्दल थोडं अधिकाराने लिहिते.

बॉट आहेत आणि उत्तम आहेत. इंटेलचा झिरो-डे बॉट पॅच कर्नलच्या मेलिंग लिस्टवर पडल्यापडल्या तो बांधून बघतो. गूगलचा सिझबॉट सिस्टिम कॉलवर वेडेवाकडे मारे करून कर्नल पाडतो आणि कसं पाडलं तेही लिहून देतो. कर्नलसीआय निरनिराळ्या प्रयोगशाळांमधले बोर्ड एकत्र जोडतो, २०१९ पासून तो लिनक्स फाउंडेशनखाली आहे. लिनारोची एलकेएफटी यंत्रणा स्टेबलच्या (आधी निघालेल्या आवृत्त्यांना दुरुस्त्या देणाऱ्या शाखेच्या) प्रत्येक उमेदवार आवृत्तीवर चाचण्या चालवते. लिनक्स-नेक्स्ट नावाची शाखा २००८ पासून आहे, तिथे पुढच्या मर्ज विंडोत येणारं काम आधीच एकत्र करून बघितलं जातं.

पण बॉट कशावर चालतात? बरेचसे आभासी मशीनवर, उरलेले रॅकमध्ये स्क्रूने बसवलेल्या बोर्डांवर. रॅकमधल्या बोर्डाला झाकण नसतं. त्याची बॅटरी अर्धी मेलेली नसते. त्याला कोणी मीटिंगच्या मध्येच प्रोजेक्टरची वायर खोचत नाही. गोदाकाठ यांचा दोष कुठल्याच बॉटला दिसला नसता, कारण पडदा काळा आहे हे बघायला तिथे माणूस नाही, आणि कर्नलच्या दृष्टीने सगळं ठीक होतं.

कंपन्यांनी अधिक करावं हे माझंही मत आहे. लॅपटॉप विकणाऱ्यांनी तर नक्कीच. पण कंपनी विकते ते मॉडेल तपासते, आणि तेही विकत असेपर्यंत. नऊ वर्षांपूर्वीचं मॉडेल ज्याच्या टेबलावर आहे तोच तपासू शकतो.

आता याची उलटी बाजू सांगणारी एक गोष्ट, कारण बॉटने आवाज दिला तरी शेवटी माणसानेच तो ऐकावा लागतो. नोव्हेंबर २०२३ अखेर. स्टेबल ५.१५.१४० ची उमेदवार आवृत्ती तपासणीला आली, तिच्यात एकूण २९७ पॅच. एलकेएफटीच्या एका चाचणीत ‘नापास’ आलं. ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) चे जाणकार यान कारा यांनी त्याच्या मुळाशी जाऊन बघितलं तेव्हा ते प्रकरण भलतंच निघालं. ईएक्सटी४ मधली एक दुरुस्ती मागच्या आवृत्त्यांमध्ये नेली होती. ती दुरुस्ती ज्या दुसऱ्या बदलावर उभी होती, तो आला होता ६.५ मध्ये. मागच्या आवृत्त्यांत तो नव्हताच. एकटी दुरुस्ती गेली आणि परिणाम असा की डायरेक्ट आयओने (मधला कॅश टाळून थेट डिस्कवर) फाइलमध्ये लिहिल्यावर ‘आता इथून पुढे लिही’ ही खूण पुढे सरकेना. पुढचा मजकूर चुकीच्या जागी जायला लागला. ५.१५ वाचलं. पण ६.१.६४ तोवर बाहेर पडलं होतं, आणि ६.१ म्हणजे डेबियन १२ या लिनक्स डिस्ट्रोचं कर्नल. डेबियनने १२.३ अगदी ऐन वेळी रोखलं आणि १० डिसेंबरला दुरुस्त कर्नल घालून थेट १२.४ काढलं. डेबियनच्या यादीत १२.२ नंतर १२.४ दिसतं ते यामुळे.

स्टेबलची उमेदवार आवृत्ती ती शाखा सांभाळणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन लिस्टवर टाकतात तेव्हा साधारण ४८ तास दिलेले असतात. त्या ४८ तासांत जगभरातून उत्तरं येतात: अमुक आर्किटेक्चर, बांधलं, बूट झालं, टेस्टेड-बाय. त्यात कंपन्यांची नावं असतात, तशी एकेकट्या माणसांचीही असतात. त्या एकेकट्यांची संख्या वाढावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

---

पांढरीमाती · मंगळवार, दुपारी ३.२०

दूरदेशी ताई, डेबियनची गोष्ट माहीत नव्हती. माझा सर्व्हर तेव्हा डेबियन १२ वरच होता.

चाकरीबद्दलचं माझं मत तरी कायम आहे. लॅपटॉप विकणारा पाच वर्षांनी हात झटकतो, आणि त्याचं ओझं इथल्या अकाउंटंटने चार रात्री जागून वाहायचं, हे मला पटत नाही. पण रॅकच्या बोर्डाला झाकण नसतं हा मुद्दा पटला.

---

केळशीकर · मंगळवार, रात्री ९.१०

मी गेली दोन वर्षं करतोय. बाकी सगळ्यांनी मोठं लिहिलंय, मी बांधणीतल्या खाचखळग्यांचं लिहितो.

डिस्ट्रोची कॉन्फिग (कर्नलमध्ये काय काय बांधायचं याची यादी) जशीच्या तशी घेतली तर माझ्या चार कोरच्या मशीनवर अडीच तास लागतात. त्यात जगातले सगळे ड्रायव्हर बांधले जातात. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ केलं की या घडीला लोड असलेले मॉड्यूलच (ड्रायव्हरचे सुटे भाग) घेतले जातात, काम पंचवीस मिनिटांवर येतं. पण ‘या घडीला’ हे नीट ध्यानात घ्या. पहिल्या वेळी मी पेनड्राइव्ह लावली नव्हती, ब्लूटूथ बंद होतं. नवं कर्नल बूट झालं आणि पेनड्राइव्ह दिसेना. ‘दोष सापडला’ म्हणून मी मेल लिहायलाही बसलो होतो. दोष कसला, तो ड्रायव्हर मी बांधलाच नव्हता. तेव्हापासून आधी घरातली प्रत्येक वस्तू एकदा लावतो: पेनड्राइव्ह, प्रिंटर, फोन, हेडफोन, आणि आमच्याकडे नेट जातं तेव्हा लागणारं डोंगल. मग कॉन्फिग बनवतो.

दुसरं, वीज. आमच्याकडे पावसात कधी जाईल सांगता येत नाही. डेस्कटॉपवर बांधत असताना वीज गेली तर घाबरू नका, परत ‘मेक’ दिलं की झालेलं सोडून पुढचं बांधतो. फक्त एक बघायचं. वीज गेली त्या क्षणाला लिहिली जात असलेली डॉट-ओ फाइल (बांधणीत मध्येच तयार होणारा तुकडा) कधी कधी शून्य बाइटची राहते. मेकला वाटतं ती झाली आहे, आणि शेवटी लिंक करताना अगम्य चूक येते. शून्य आकाराच्या फाइली शोधून उडवायच्या आणि पुन्हा सुरू करायचं. यात माझी एक अख्खी रात्र गेली होती, तुमची जाऊ नये.

तिसरं, सिक्युअर बूट चालू असेल तर तुम्ही बांधलेलं, सही नसलेलं कर्नल बूटच होणार नाही. एक तर तो बंद करा, नाहीतर स्वतःची किल्ली नोंदवा.

---

नवखी_रुता · बुधवार, सकाळी ७.४५

नमस्कार, मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काल रात्री सगळा धागा वाचून लगेच आरसी बांधली. बूट झाली, पण माझ्या ग्राफिक्स कार्डचा कंपनीचा ड्रायव्हर बसत नाही, पडदा अगदी कमी रेझोल्यूशनला येतो. हे कळवू का? आणि खरं सांगायचं तर मला त्या लिस्टवर इंग्रजीत लिहायची धास्ती वाटते. तिथे मोठमोठे लोक असतात, काहीतरी चुकीचं लिहिलं तर ओरडतील असं वाटतं.

---

गोदाकाठ · बुधवार, दुपारी १२.३०

रुता, पहिल्याच रात्री बूट झाली, मस्त!

आधी ड्रायव्हरचं. जो ड्रायव्हर कर्नलच्या मूळ कोडबाहेरून येतो, तो आरसीवर न चालणं ही कर्नलची चूक मानली जात नाही. तो लिहिणाऱ्याने नव्या कर्नलप्रमाणे बदलायचा असतो. शिवाय असा बंद ड्रायव्हर लोड झाला की कर्नल स्वतःवर ‘टेन्टेड’ अशी खूण करून घेतं, आणि मग दुसरा कुठलाही दोष कळवलात तरी पहिला प्रश्न येतो की त्या ड्रायव्हरशिवाय होतंय का? म्हणून तपासणीपुरता कर्नलमधला खुला ड्रायव्हर वापर. ‘प्रॉक’खाली ‘सिस/कर्नल/टेन्टेड’ ही फाइल उघडून बघ, शून्य असलं पाहिजे.

आता इंग्रजीचं. माझा पहिला मेल मी अकरा वेळा लिहून खोडला होता. शेवटी जे पाठवलं ते पाच वाक्यांचं होतं. कुठलं मशीन. कुठलं कर्नल चालत होतं. कुठलं बिघडलं. काय केल्यावर काय होतं. बायसेक्टमध्ये कुठला बदल निघाला. खाली डीमेसेजचा लॉग जोडला. या पाच वाक्यांना भाषा फारशी लागतच नाही. तिथले कितीतरी लोक जर्मन, चिनी, झेक, ब्राझिलियन आहेत, इंग्रजी त्यांचीही मायबोली नाही.

चूक म्हणशील तर एकच टाळायची: मेल साध्या मजकुरात पाठवायचा. एचटीएमएल मेल लिस्टचा सर्व्हर परत पाठवतो. माझा पहिला मेल तसाच परत आला होता, आणि मी दोन दिवस समजत होतो की कोणी लक्षच दिलं नाही.

‘आधी चालत होतं, आता चालत नाही’ अशा दोषांसाठी रिग्रेशन्स नावाची वेगळी लिस्ट आहे. तिला प्रत पाठवायचीच. थॉर्स्टन लेमहाउस हे गृहस्थ अशा तक्रारींचा माग ठेवतात, त्यासाठी रेग्झबॉट नावाचा बॉट आहे. तक्रार तिथे नोंदली गेली की ती कोणाच्या इनबॉक्सच्या तळाशी जात नाही. दोष कसा कळवायचा याची पायरीपायरीची पुस्तिका कर्नलच्या दस्तऐवजातच आहे, एकदा शांतपणे वाच. कर्नलजगतात एक नियम फार कसोशीने पाळला जातो: वापरणाऱ्याचं चालू असलेलं काम नव्या कर्नलने मोडायचं नाही. मोडलं तर चूक कर्नलची. तू तक्रार करतेस तेव्हा तो नियम तुझ्या बाजूने उभा असतो.

आणि लिहिण्याआधी हवं असेल तर मसुदा इथे टाक, आम्ही वाचू.

---

मास्तर_लातूर · बुधवार, रात्री ८.५५

धागा वाचून आज शाळेतली संगणक खोली उघडली. बारा मशीन आहेत, ड्युअल कोर, दोन-दोन जीबी रॅम, देणगीत आलेली. सगळ्यांवर लिनक्स. नवीन घेणं पुढची काही वर्षं तरी शक्य नाही, त्यामुळे या मशीनवर लिनक्स चालत राहणं हा आमच्यासाठी हौसेचा भाग नाही, गरजेचा आहे. यावर बांधणी कशी करू? एका मशीनला पूर्ण दिवस जाईल.

---

सर्किटवाला · बुधवार, रात्री ९.४०

सर, बांधणी एकाच तगड्या मशीनवर करा. ‘मेक बिनडेब-पीकेजी’ दिलं की सरळ डेब पॅकेज तयार होतात, ती बाराही ठिकाणी नेऊन बसवायची. कॉन्फिगसाठी एका शाळेच्या मशीनवरून ‘एलएसमॉड’ची (लोड झालेल्या मॉड्यूलची) यादी फाइलमध्ये घेऊन या, लोकलमॉडकॉन्फिग ती यादी वापरू शकतं. बांधून द्यायचं काम माझ्याकडे लागलं. दर सोमवारी रात्री पॅकेज तुमच्यासाठी ठेवून देतो.

तुमच्या खोलीचं मोल किती आहे सांगतो. इंटेलच्या इटॅनियम प्रोसेसरला कर्नलमध्ये वीसेक वर्षं जागा होती, ६.७ मध्ये तो कोड काढून टाकला. काढायच्या आधी विचारणा झाली होती, पण सांभाळायला आणि चालवून बघायला पुरेसे लोक उरले नव्हते. जुन्या हार्डवेअरचा कोड कर्नलमध्ये राहतो तो कोणीतरी ‘आमच्याकडे अजून चालतंय’ असं सांगत राहतं म्हणून. बारा मशीन असलेला माणूस हे सांगतो तेव्हा त्याला वजन असतं.

---

जाईजुई · गुरुवार, सकाळी १०.०५

माळ्यावर सासऱ्यांचा २०१२ चा लॅपटॉप सापडला. बॅटरी गेलेली आहे पण वायरवर चालतो. फेडोरा (लिनक्सचीच एक डिस्ट्रो) टाकलं. त्यांच्याकडे ‘कर्नल टेस्ट वीक’ असतो असं वाचलं, तयार पॅकेज मिळतं आणि तपासणीची स्क्रिप्टही. मला बांधणीचं इतक्यात जमणार नाही, तिथून सुरुवात करते. चालेल ना?

---

केळशीकर · गुरुवार, सकाळी १०.४०

चालेल काय, तीच सगळ्यात चांगली सुरुवात आहे. निकालाच्या पानावर मशीनचं मॉडेल पूर्ण लिहा. ‘सगळं ठीक’ असेल तरीही लिहा, नुसतं बघून बंद करू नका. मॉडेल चालतंय हे कळणंही त्यांना तितकंच हवं असतं.

---

मास्तर_लातूर · पुढचा मंगळवार, संध्याकाळी ६.१५

सर्किटवाला यांनी आरसी३ आणि आरसी४ दोन्ही बांधून दिल्या. काल शाळा सुटल्यावर नववीची सहा मुलं थांबली. बारापैकी अकरा मशीनवर आरसी४ व्यवस्थित. सात नंबरच्या मशीनवर आवाज नाही. स्पीकर बदलून बघितला, वायर बदलून बघितली. मग एका मुलीने स्वतःहूनच सांगितलं, सर, आरसी३ लावून बघू. आरसी३ वर आवाज आला. परत आरसी४, आवाज गेला. तीन वेळा करून बघितलं, तीनही वेळा तेच. सात नंबरचं साउंड कार्ड बाकीच्या अकरांपेक्षा वेगळं आहे.

फळ्यावर मुलांनी दोन रकाने आखले आहेत, एक ‘गुड’, एक ‘बॅड’. टेन्टेड शून्य आहे. डीमेसेज दोन्हींचे काढून ठेवलेत. आता पुढे?

---

सर्किटवाला · मंगळवार, संध्याकाळी ६.३०

मध्ये साधारण तीनशे बदल आहेत, नऊ फेऱ्या. पहिली फेरी आत्ताच बांधायला लावली. तासाभरात पॅकेज पाठवतो.

---

नवखी_रुता · मंगळवार, संध्याकाळी ६.५२

सर, मेलचा मसुदा मी लिहू का? पाच वाक्यं आता मला येतात. चार लिहून ठेवते, पाचव्यात बदलाचा क्रमांक तुमच्या फळ्यावरून येईल.

---

मास्तर_लातूर · मंगळवार, रात्री ८.२०

लिही बाळा. पहिली फेरी झाली. आवाज आला, ‘गुड’ खाली एक रेघ पडली. मुलं घरी फोन करून सांगताहेत की उशीर होईल. दुसरी पाठवा.